उशिरा येणारी मुले : शून्य

मंडळी, अध्यक्ष साहेब, केंद्रप्रमुख साहेब, गुरुजी लोक, गावकरी, आणि पुढं बसलेल्या काकू, म्हणजे आमच्या पाठक सरांच्या घरच्या.

मला सभेत बोलता येत नाही. मी टाइल्सच्या भट्टीवर काम करतो. तिथं मशिनीच्या आवाजात तोंडाचा उपयोग नसतो, हातानं खुणा करायच्या. म्हणून गाडीत बसून कागदावर लिहून आणलंय, तेच वाचतो, इथं आल्यावर बघितलं-ऐकलं ते मधे तोंडी जोडतो. मधेच अडलो तर दम धरा. सरांच्या फोटोकडं बघितलं की अजून राग येतो, आणि मग अक्षर दिसत नाही.

मी इंदल राठोड, टेकडीपलीकडच्या तांड्यावरचा. या शाळेत चौथीत होतो. पास झालो नाही, नापासही झालो नाही. नाव कमी झालं.

गुजरातेतून अकोला, अकोल्याहून एसटीनं हिंगोली, मग सेनगाव, तिथून जीप. आलो तेव्हा सभा सुरू होऊन गेली होती. दारातले एक गुरुजी माझ्या कानाशी लागून म्हणाले, "उशीर केला रे." व्हय गुरुजी. याच शाळेत शिकलो ना मी.

तुमची भाषणं ऐकली. सर शिस्तीचे. सर वेळेचे पक्के. आणि अध्यक्ष साहेबांनी जाहीर केलं, सरांच्या आठवणीत शाळेला मोठं लोखंडी फाटक बसवायचं, वर कमान, कमानीवर सरांचं नाव, आणि घंटा झाली की पूर्वीसारखं कुलूप. टाळ्या झाल्या. शोकसभेत टाळ्या! फाटकाचं मला चार दिवसांपूर्वीच तांड्याच्या नाईकांच्या पोरानं फोनवर सांगितलं होतं. सर गेले हे त्यानं आधी सांगितलं, तेव्हा मी नुसतं "बरं" म्हणालो. फाटकाचं सांगितलं, तेव्हा फोन आपटला आणि पिशवी भरली. मालकानं सुट्टी दिली नाही. तरी आलो.

मी रडायला आलो नाही, मंडळी. मी फाटकासाठी आलो.

आता फाटकाची गोष्ट ऐका. ज्यांना माहीत आहे त्यांनीही ऐका, कारण तुम्ही विसरल्यासारखं करून राहिले.

तेव्हा आपला जिल्हा परभणीच होता. सर नवे मुख्याध्यापक होऊन आले. सेनगावहून जीपनं यायचे. आम्ही तांड्यावरची पोरं रोज उशिरा. म्हणून सरांनी एक कृतिसंशोधन केलं. गुरुजी लोकांना ते ठाऊक आहे, बाकीच्यांना मी सांगतो, सरांनीच मला पुढं समजावलेलं. आपल्याच कामात काय अडतंय ते शोधायचं. एक उपाय करून बघायचा. काय झालं ते लिहायचं. आणि शेवटी आपणच आपल्याला विचारायचं, खरंच तसं झालं का? ही शेवटची पायरी सरांनी पहिल्या वेळी केली नाही.

सरांचा उपाय होता फाटक. घंटा झाली की कुलूप. मी आणि माझी मोठी बहीण कमळी बाहेर. सर आतून विचारायचे, "काहून उशीर झाला?" आम्ही घरी गोरमाटी बोलणारे. पाण्याची पाळी, टेकडी, ऐकू न आलेली घंटा, एवढं सगळं मनात मराठीत जुळवेपर्यंत सर वळलेले असायचे. मला त्यांची पाठच आठवते. पांढरा शर्ट आणि बोटात फिरणारा किल्ल्यांचा जुडगा.

एक दिवस कमळी म्हणाली, "चाल, इंदल. आपल्याला बगूनच कुलूप लावतेत." आम्ही परत गेलो. कोणी बोलवायला आलं नाही. तांड्यावरची बाकी पोरंही तशीच एकेक गळाली.

आणि सरांनी अहवाल लिहिला. समस्या: तांड्यावरील मुले उशिरा येतात. उपाय: फाटक. निष्कर्ष: उशिरा येणारी मुले शून्य.

शून्य! मंडळी, तो शून्य मी आहे. तो शून्य कमळी आहे. त्या शून्याला वरून प्रमाणपत्र आलं. ते बघा, फोटोशेजारी ठेवलंय. हार त्यालाही घातलाय तुम्ही.

मी पुढं काय केलं? हैदराबादला गिट्टीच्या क्रशरवर होतो. पुण्यात इमारतींच्या परांच्या बांधल्या. आता भट्टी. एका जागी टिकत नाही, याडी म्हणते तुझ्या पायाला भिंगरी. याडी म्हणजे माझी आई. भिंगरी नाही. प्रत्येक कारखान्याला फाटक असतं, आणि पाच मिनिटं उशीर झाला की तिथला वॉचमनही पाठ फिरवतो. मग माझं डोकं फिरतं.

काही वर्षांनी सर कुठल्याशा प्रशिक्षणाला गेले. तिथं त्यांना सांगितलं, आपला जुना अहवाल काढा आणि तो दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा वाचा. सरांनी अहवाल काढला. शेजारी हजेरी ठेवली. अहवालात उशिरा येणाऱ्या पोरांची नावं, आणि हजेरीत त्याच नावांवर लाल रेघ. सगळ्याच नावांवर.

उशीर बंद झाला नव्हता. आम्ही बंद झालो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर तांड्यावर. याडी घागर घेऊन निघालेली. ती म्हणाली, "गुरुजी, लई उशीर केला तुमी."

सर म्हणाले, "तुमचं बराबर आहे."

"बराबर असंल तर वाट सोडा. पाणी आणायचंय."

सरांनी वाट सोडली आणि तिच्या मागंच निघाले. एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात वही. पंधरवडाभर रोज. तांडा हसून हसून बेजार. नाईक वरून ओरडायचे, "गुरुजी, घड्याळ बगून झिरा लवकर भरतो का?" सर म्हणायचे, "न्हाई भरत, नाईक. तेच लिहून राहिलो."

काय सापडलं? नाल्यात खणलेला झिरा. त्यात पाणी पाझरून येतं, एक घागर भरली की पुढच्या घागरीला थांबावं लागतं. पोरं पाळी धरून बसतात, तोवर आयांना घरचं उरकता येतं. पाळी सोडली तर घरात पाणी नाही. शाळेची घंटा टेकडीआड ऐकू येत नाही, वारा इकडून असला तरच येते.

आणि तिसरी गोष्ट झिऱ्यावर सापडली नाही, शाळेतच सापडली. घंटा घड्याळावर होतच नव्हती. सरांची जीप दिसली की घंटा व्हायची. जीप लवकर आली तर लवकर, टायर फुटला तर उशिरा. सरांच्या वहीतलं ते पान त्यांनी मला पाठवलं होतं. हे बघा. वाचतो. "मी उशिरा आलो तेव्हा शाळा उशिरा भरली. लेकरू उशिरा आलं तेव्हा लेकराचा गुन्हा झाला. घंटा शाळेची नव्हती, माझी होती."

अध्यक्ष साहेब, याच्यावर वाजवा की टाळ्या.

मग सरांनी कुलूप काढलं. मग फाटकच काढलं. त्याचं दार खिचडीच्या चुलीला आडोसा म्हणून लावलं, अजून तिथंच आहे, काळं पडलंय. पहिला तास गोष्टींचा आणि खेळाचा केला, मधेच आलेलं पोरगं त्यात लगेच मिसळतं. गणित मधल्या सुट्टीनंतर. टेकडीवर रुळाचा तुकडा टांगून दुसरी घंटा केली. ती महिनाभरात कोणीतरी भंगारात घातली. सरांनी वहीत लिहिलं, "हा उपाय फसला." मग ते स्वतःच तांड्यावरून पोरांबरोबर चालत यायला लागले.

आणि तुम्ही काय केलं, गुरुजी लोकहो? कोण बोललं ते मला माहीत नाही, पण काय बोललं ते माहीत आहे. सर दर महिन्याच्या बैठकीत आधी स्वतःची चूक वाचून दाखवायचे, मग तुम्हाला म्हणायचे, आता तुमची सांगा. तेव्हा तुम्हाला सगळ्यांना एकदम खोकला यायचा. बाहेर आल्यावर तुम्ही म्हणायचे, "सर स्वतःचीच तपासणी करून राहिले." म्हणायचे, "मुख्याध्यापकानंच चूक कबूल केली तर धाक काय राहील?" धाक! धाक होता तेव्हाच आम्ही गेलो, गुरुजी.

केंद्रप्रमुख साहेब, सर ते प्रमाणपत्र परत करायला तुमच्याकडं आले होते. तुम्ही म्हणालात, "परत घ्यायच्या अर्जाचा नमुनाच नाही. राहू द्या, भिंतीला शोभतं." खरं का खोटं? मान खाली घालू नका. सर घालायचे नाहीत.

आता माझं. सरांनी याडीकडून माझा पत्ता घेतला आणि कार्ड टाकलं. एवढंच लिहिलं होतं: "तू शाळा का सोडलीस? सविस्तर लिही. घाई नाही." मी ते भट्टीत टाकलं. दुसरं आलं, तेही टाकलं. तिसऱ्याला उत्तर लिहिलं, अर्ध्या चौथीच्या अक्षरात. "तुमी कुलूप लावलं म्हनून." सरांचं उलट कार्ड आलं. "ते मला कळलं आहे. मला न कळलेलं लिही."

फाटकाशी जो माणूस उत्तराला थांबला नाही, तो आता महिना महिना थांबायला लागला. मग मी लिहिलं. झिऱ्याचं लिहिलं, कमळीचं लिहिलं, शिव्याही लिहिल्या. सर कार्ड तपासून परत पाठवायचे. शिव्यांखालीही लाल रेघ, ऱ्हस्व-दीर्घाची. आज हा कागद मला लिहिता आला तो त्या रेघांमुळं. हेही सांगून टाकतो, नाहीतर खोटं बोलल्यासारखं होईल.

एकदा मी लिहिलं, "तुमी चुकून चुकून चांगले मुख्याध्यापक झाले. ज्याच्यावर चुकले त्याचं काय?" मला वाटलं आता माफी मागतील. मागितली असती तर कार्ड फाडून मोकळा झालो असतो. सरांनी लिहिलं, "तुझं मी काही भरून देऊ शकत नाही. नव्या अहवालात 'झालेले नुकसान' असा रकाना केला आहे. त्यात तुझं आणि कमळीचं नाव आहे. ते खोडायचा अधिकार मला नाही."

मी सरांना माफ केलं नाही. तसं त्यांना कळवलं होतं. आज फोटोसमोर उभा राहून परत सांगतो, केलं नाही. काकू, तुम्हाला वाईट वाटेल. वाटू द्या. माझी चौथी परत येत नाही. पण माझं काय झालं हे मला विचारणारा या गावात एकच माणूस निघाला, आणि ज्यानं ते केलं तोही तोच होता. बाकी तुम्ही सगळे फाटकाच्या आतून बघत होता. तुमचं काय करू मी?

आणि त्याच माणसाच्या नावानं फाटक बांधता?

कमळीची पोरगी रेणू याच शाळेत दुसरीत आहे. शिकायला म्हणून कमळीनं तिला याडीजवळ ठेवलंय. ती रोज उशिरा येते. झिरा तिथंच आहे, टेकडीही हललेली नाही. उद्या ती पळत पळत येईल, कुलपापाशी थांबेल, वर कमानीवरचं नाव वाचेल. तिला वाचता येतं. पाठक सरांनी शिकवलं. ज्यानं वाचायला शिकवलं त्याचंच नाव तिला बाहेर उभं करील. हे तुम्हाला चालतं? मला चालत नाही.

लोखंड आणलंच असेल तर झिऱ्यापाशी हातपंप बसवा. फाटक बांधू नका. बांधलं तर कुलूप तोडायला मी गुजरातेतून येईन. उशिरा येईन, पण येईन.

कागद इथं संपला.

आता अध्यक्ष साहेब म्हणतील, दोन मिनिटं शांत उभे राहा. थांबा. आधी मागं वळून टेकडीकडं बघा. त्या बाया दिसून राहिल्या का? तांड्यावरच्या आहेत. पुढं माझी याडी, तिचं बोट धरून रेणू. सभा दहाची होती, तुम्ही दहाला सुरू केली. झिऱ्यावरची पाळी संपल्याशिवाय त्यांना निघता येत नाही, हे तुमच्यात एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो त्या फोटोत आहे.

मौन आत्ता सुरू करू. आणि त्यातली शेवटची बाई आत येऊन उभी राहीपर्यंत ते संपवायचं नाही. घड्याळाकडं कोणी बघू नका. त्या आल्यावर कोणी काही बोलू नका. दारात जो गुरुजी आहे त्यानं फक्त बाजूला सरकायचं.

सर, इंदल राठोड आलाय. उशिरा आलाय. काहून ते तुम्हाला ठाऊक आहे.

उठा, मंडळी.