भट्टीत न घातलेला पाय

नाही ताई, वडिलांचं माप अचूक आणलंय तुम्ही, थ्री-डी छपाईचं मशीनही समोर चालू आहे, तरी कृत्रिम पाय मी छापून देणार नाही. फुलदाणी सांगा, आत्ता देतो. का? हा छापलेल्या प्लास्टिकचा तुकडा घ्या, वाकवून बघा. दगड, हो ना? आता गरम पाण्यात धरतो... बघा. वितळला? नाही – नुसता मऊ पडला, ओल्या पुठ्ठ्यासारखा. मशीनमधून निघताच थंड होतो ना, आतल्या धाग्यांना ओळीत बसायला वेळच मिळत नाही, असतील तिथं गुंताड्यात अडकतात – गारव्यात गप्प, आणि साठ अंशांना हलायला लागले की संपलं. उपाय? आहे की! तासभर भट्टीत ठेवायचा, धागे लागतात ओळीला, मग उन्हाचा बाप आला तरी ढिम्म. पण आकसतो – दोन-तीन मिलिमीटर. आणि कापलेल्या पायाला दोन मिलिमीटर म्हणजे काय, ते ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

एक गिऱ्हाईक होतं माझं. साखरेनं पाय नेलेला. मुलगा भिक्खू होणार, सोंगक्रानच्या, आपल्या नववर्षाच्या, आदल्या आठवड्यात, ऐन उन्हाळ्यात – मिरवणुकीत बापानं भिक्षापात्र घेऊन विहाराभोवती तीन फेऱ्या घालायच्या, कुबड्या असल्या तर पात्र धरणार कशानं? पाय चढवला आणि पठ्ठ्या या दुकानात नाचला हो! म्हणाला, ‘धाकट्या, कुठंच टोचत नाही रे!’ – हो, भाऊच. थोरला, बुनलुए. गिऱ्हाईक कसलं! तेव्हा मोठ्या मापाचा नवा छापून भट्टीत घालायला हवा होता – पण समारंभ तोंडावर, आणि त्याचं ते हसू... नाही घातला. माहीत असून नाही घातला, ताई.

मुलाचं मुंडन चाललं होतं तेव्हा दादानं पाय काढून बंद गाडीत ठेवला, काचेखाली, भर दुपारी. मिरवणूक निघाली तसा मीच पळत जाऊन आणला. त्याच्या पायाला जाड मोजा, त्याला काय कळणार? माझ्या हाताला कढत लागला – लागला ना! वाटलं, तीन फेऱ्या तर आहेत. पहिल्याच वळणावर दादा कोसळला. पात्र घरंगळत गेलं, खुबा मोडला, तो पुन्हा जुळलाच नाही. पाय उचलला तर माझा अंगठा रुतला त्यात. घरी आणला आणि – गरम पाण्यात धरून होता तसा सरळ केला मी. दादा म्हणाला, ‘दाखव.’ दाखवला. एक सुरकुती नाही. ‘म्हणजे माझंच पाऊल घसरलं,’ म्हणाला, ‘पोराच्या पुण्यात मीच माती कालवली.’ तीन वर्षं हेच चाललंय, आणि मी पेज भरवत म्हणतो, ‘जाऊ दे दादा, होतं असं.’ सांगू म्हणता? सांगून खुबा जुळणार का? आणि मग पेज कुणाच्या हातची खाईल तो?

जा तुम्ही. बँकॉकच्या इस्पितळात नाव घाला, तिथं दुसरं प्लास्टिक तापवून साच्यावर ओढतात, ते उन्हाला दाद देत नाही. सहा महिने थांबवतील – थांबा. आणि जिन्यापाशी बोलू नका, वर दादा जागा असेल. विचारलंच त्यानं, तर सांगतो – पत्ता चुकून आलं होतं कुणी.