सहा वाजून चार मिनिटांचा सूर्य

...नाही, तुम्हीच सांगा, ज्या माणसाला कोपऱ्यावरून दही आणायला गाडी लागते, तो समुद्राच्या कडेकडेने चाळीस किलोमीटर चालायला स्वतःहून कशाला निघेल? संशय येणार की नाही? मला आला. लग्नाला तीन महिने झालेले, घरात आम्ही धरून नऊ माणसं, खोलीचं दार लावलं रे लावलं की बाहेरून कुणीतरी विचारणार, "अनुज, झोपलास का?" म्हणजे नवऱ्याशी माझं आजवर जे काही बोलणं झालं ते टॉवेल कुठे आणि किल्ली कुठे एवढंच, आणि अशात हा एक दिवस चपलेकडे बघत म्हणतो, "कोकणात जाऊ या? किनाऱ्याकिनाऱ्याने चालायचं. तीन दिवस." मी धुळ्याची, समुद्र पाहिलेला तो कॅलेंडरवर. मला वाटलं, चला, वाळू, वारा, आम्ही दोघं, निदान टॉवेल सोडून दुसरा विषय निघेल. दोन नवे ड्रेस शिवून घेतले. निघायच्या सकाळी गाडीत चढते, तर आत एकसारख्या पिवळ्या टोप्या घातलेली अकरा माणसं.

"या बींदणी, या," सज्जनकाकी म्हणाल्या, "ही घ्या तुमची टोपी."

सज्जनकाकी म्हणजे सोहनकाकांच्या घरच्या. सोहनकाका म्हणजे माझ्या सासऱ्यांचे थोरले चुलतभाऊ, भांड्यांचे व्यापारी, आणि जळगावात रोज पहाटे मैदानाला दहा फेऱ्या मारणाऱ्या चालणे मंडळाचे अध्यक्ष. मंडळाची वार्षिक सहल होती ती. आमच्यात नव्या सुनेने, म्हणजे बींदणीने, थोरल्या सासऱ्यांशी थेट बोलायचं नसतं, मधे कुणीतरी लागतं, त्यामुळे विचारायची सोय नव्हती. टोपी घातली, टोपीवरून ओढणी घेतली आणि बघून ठेवलं.

आणि बघण्यासारखं काय काय होतं म्हणून सांगू... ही माणसं समुद्राकडे बघतच नव्हती. घड्याळाकडे बघायची. हात झुलवत, नाकाने श्वास घेत, मैदानावर चालावं तशी चालायची. "समुद्र उजव्या हाताला ठेवा, चुकणार नाही," सोहनकाका ओरडणार, आणि वाटाड्या म्हणून जो तिथला माणूस घेतला होता त्याच्यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही, म्हणून वाटेत भेटेल त्याला विचारणार, "पुढचं गाव किती लांब?" तो म्हणणार, "हे काय, पलीकडे." पलीकडे म्हणजे एक डोंगर, एक खाडी आणि दीड तास. मग काकांचा संशय अख्ख्या जिल्ह्यावर. मंडळातले एरंडोलकडचे छगनआबा तेवढे पाण्यात उतरले, ओंजळ तोंडाला लावली, थुंकले, आणि पावसाच्या हिशेबाने जगलेला शेतकरी म्हणेल तसं म्हणाले, "इतलं पानी शे, पन काय कामनं नही."

आणि आमचे हे? यांनी स्वतःहून काम मागून घेतलं. सगळ्यांच्या मागे राहायचं, कुणी सुटलं तर नाही ना ते मोजायचं. मी हळू चालले की हा त्याहून हळू. मी थांबले की याच्या बुटाची नाडी सुटणार. आणि सारखा खिशातून फोन काढणार, काहीतरी वाचणार, मी वळले की फोन खिशात. आता मला सांगा, कोण असेल? भुसावळची? अमळनेरची? कॉलेजातली कुणी? बघून ठेवलं.

चालण्याच्या पहिल्या संध्याकाळी मात्र एक निराळीच गोष्ट दिसली. आम्हा जैनांत सूर्य मावळला की खाणं बंद, पाण्याचा थेंबसुद्धा बंद, ते थेट दुसऱ्या सकाळपर्यंत. मावळण्याची वेळ सोहनकाकांच्या खिशातल्या पत्रिकेत छापलेली. पावणेसहाला पुऱ्या-लोणचं उरकलं, सगळे गटागटा पाणी प्यायले, काकांनी पत्रिका बघितली, घड्याळ बघितलं आणि जाहीर केलं, "सहा वाजून चार. झाला सूर्यास्त. चला प्रतिक्रमणाला." सगळी मंडळी समुद्राकडे पाठ करून संध्याकाळच्या या प्रार्थनेला मुक्कामाच्या घरात. मी पायातली वाळू झटकायला मागे राहिले, मान वर केली... तर सूर्य चांगला वीतभर वर. हा एवढा, थाळीसारखा. काका पत्रिका कठड्यावरच विसरले होते, ती उचलून बघितली. वर ठळक अक्षरात, "जळगाव शहराकरिता."

म्हणजे जळगावचा सूर्य जळगावात बुडाला होता. इथला अजून कामावर होता.

तेवढ्यात माणसं मोजत अनुज आला. "एक कमी भरतंय. आत चल."

"सूर्य राहिलाय," मी म्हटलं.

त्याने बघितलं. मग बसला, मधे दोन माणसं मावतील एवढी जागा सोडून. फोन काढला. मला वाटलं, आता कबूल करतोय. तर हा घसा खाकरून वाचतो, "तुला कारलं आवडतं का?"

प्रश्नांची यादी होती हो... बावीस प्रश्न. लग्नापासून जमवत होता. "दोघंच आलो असतो आणि काही सुचलंच नसतं तर?" तो म्हणाला, "माणसं असली की गप्प बसलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही." मी म्हटलं, कारलं आवडत नाही. सहा वाजून वीस मिनिटांनी सूर्य बुडाला. सोळा मिनिटं, चार प्रश्न. दुसऱ्या दिवशी त्याच सोळा मिनिटांत सात झाले, कारण मी पण उलटे विचारायला लागले. "बारावा जरा मोठा आहे," तो म्हणाला, "उद्या निवांत विचारतो." सोळा मिनिटांचं कुणाला कशाला सांगायचं? मी काही बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी खाडीवरची होडी उशिरा आली. पुढचा चढ चढून मुक्कामाला पोचेपर्यंत सगळ्यांच्या जिभा टाळूला. सज्जनकाकी अडुसष्ट वर्षांच्या, धापा टाकत दगडावर बसल्या, बाटलीचं झाकण उघडलं, तोच काका म्हणाले, "सहा पाच. राहू दे." काकींनी झाकण लावलं. ओठांवरून एकदा जीभ फिरवली. आता पाणी ते उद्या सकाळीच. आणि त्यांच्या डोक्यामागे तो सूर्य, वीतभर वर, बेशरम. तिकडे अनुज माझ्याकडे बघत फोन चाचपत उभा. बारावा प्रश्न. बोलले नसते तर कुणाला कळणार होतं, तुम्हीच सांगा...

"काकीजी, पाणी प्या. सूर्य आहे अजून."

सगळ्या पिवळ्या टोप्या वळल्या. काका अनुजला म्हणाले, "बींदणीला सांग, पत्रिकेत सहा चार आहे."

मी म्हटलं, "अहो, काकांना सांगा, पत्रिका जळगावची आहे."

"तिला विचार, सूर्य काय गावागावाचा वेगळा असतो?"

अनुज बिचारा मधे, आधी कुणाचं सांगावं त्याला कळेना. शेवटी छगनआबा म्हणाले, "सोहनशेठ, तुन्हा सूर्य खिसामा बुडना. हाऊ तठेच शे. जरा मान वर कर."

काकांनी मान वर केली. बराच वेळ बघितलं, बनावट माल बघावा तसं. काकींनी तेवढ्यात अख्खी बाटली संपवली, तोंड पुसलं आणि मला हळूच विचारलं, "बेटा, पहिल्या दिवशीच दिसलं असेल ना तुला? मग बोलली का नाहीस?"

काय सांगू? रिकाम्या बाटलीला झाकण लावलं.

मग काय, काकांनी सगळ्यांना बाहेरच थांबवलं, पुऱ्यांचे डबे पुन्हा उघडले, सगळी माणसं कठड्यावर ओळीने बसली आणि काका घड्याळ धरून अंदाजाने सांगायला लागले, "अजून नऊ मिनिटं, पिऊन घ्या. अजून सात." मधेच त्यांना वेगळीच शंका आली, की सूर्य इथे उशिरा बुडतो म्हणजे सकाळी उगवतोही उशिरा, म्हणजे तीन सकाळी आपण पाणी वेळेआधी तर नाही प्यायलो? त्यावर चर्चा सुरू झाली ती सूर्य बुडेपर्यंत. मी ओळीच्या या टोकाला, अनुज त्या टोकाला. फोन खिशात.

आता आम्ही परत जळगावात. बाराव्या प्रश्नाचं नाव कुणी काढलेलं नाही. मी रोज संध्याकाळी पत्रिका घेऊन गच्चीवर जाते आणि तपासते, कुठे काही चूक सापडते का. नाही सापडत. जळगावात सूर्य अगदी पत्रिकेत छापल्या मिनिटाला बुडतो, आणि खालून कुणीतरी हाक मारतंच.