कवळीच्या आतल्या रेघा

मी, दवाखान्यांच्या गल्लीत कवळीवाले काका म्हणून ओळखला जाणारा, वय ७२ वर्षे, शिक्षण सातवी, धंदा दातांच्या कवळ्या करणे व दुरुस्त करणे, राहणार दुकानामागच्या खोलीत. आज दुपारी सव्वाबारा वाजता पोलीस ठाण्यात आपण होऊन आलो आणि विचारल्यावरून सांगतो की,

मी एकटा राहतो. पत्नी हयात नाही, मूलबाळ नाही. माझी थोरली बहीण, वय ७९, हिला मी आक्का म्हणतो. दोन वर्षांपूर्वी तिची डावी बाजू लुळी पडली. ती तिच्या एकुलत्या एक मुलाजवळ, म्हणजे माझ्या भाच्याजवळ राहते. तो गोदामावर मुकादम आहे. तो मला नेहमी म्हणतो, "मामा, तुमचं पुढे कोण करणार? मीच ना?" हे लिहायला हवे का, असे मी हवालदारसाहेबांना विचारले. ते म्हणाले, "आजोबा, तुम्हीच सांगितलंत." मग राहू द्यावे.

आठ महिन्यांपूर्वी भाचा आक्काची वरची कवळी दोन तुकडे झालेली घेऊन आला. म्हणाला, "आई न्हाणीघरात पडली." मी तुकडे पाहिले. पुढच्या कडेला, आतून, म्हणजे हिरडीला चिकटते त्या बाजूला, चार रेघा होत्या. कवळी पडून फुटली तर तिथे रेघा येत नाहीत. घट्ट बसलेली कवळी ओठाखाली काहीतरी घालून उचकटली तरच येतात. सेहेचाळीस वर्षे मी हेच काम करतो, मला ते कळले. रेघा हिरडीला टोचतील म्हणून मी त्या कानशीने घासल्या, पॉलिश केले आणि कवळी परत दिली. भाच्याला काही विचारले नाही. चहा पाजला.

तीन महिन्यांनी तो पुन्हा आला. "तुमची बहीण म्हणजे ना मामा, एक पाय चालत नाही तरी एका जागी बसत नाही," असे म्हणून हसला. मीही हसलो. रेघा त्याच जागी होत्या. त्याही घासल्या. त्यानंतर मी दोनदा घरी गेलो. दोन्ही वेळा दारातूनच "आई झोपलीय" असे उत्तर मिळाले. दुसऱ्या वेळी आतून लघवीचा वास येत होता. मी आजारपणाचा वास समजलो. समजलो असे म्हणतो, पण खात्रीने सांगता येत नाही.

अकरा दिवसांपूर्वी तिसऱ्यांदा कवळी आली. तिच्यात वाळलेले रक्त होते आणि कडेला ओठाच्या आतली कातडी चिकटलेली होती. मी ती धुतली, जोडली आणि भाच्याला निरोप दिला की काम व्हायचे आहे. ते खोटे होते.

काल सकाळी साडेदहाला मी स्वतः कवळी घेऊन त्याच्या घरी गेलो. दाराला बाहेरून कडी होती. समोर शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात. त्या म्हणाल्या, "आजोबा, आमचं मशीन चालू असलं तरी ऐकू येतं." मी कडी काढली. आक्का खाटेशेजारी फरशीवर बसली होती. तिचा चांगला हात नायलॉनच्या दोरीने खाटेच्या पायाला बांधला होता. मनगट सोलून ओले झाले होते. कपडे घाण झालेले. दंड माझ्या दोन बोटांत मावत होता. हनुवटी एका बाजूने काळी आणि दुसऱ्या बाजूने पिवळी होती, म्हणजे मार वेगवेगळ्या दिवशीचा होता. मी गाठ सोडली. ती म्हणाली, "धाकट्या, दार लाव. येईल तो."

मी डबीतून कवळी काढली. ती पाहताच तिने हाताने तोंड झाकले. आपली कवळी पाहून तोंड झाकणारे माणूस मी आजवर पाहिले नव्हते.

पावणेअकराच्या सुमारास भाचा आला. "कळवायचं तरी मामा, आवरून ठेवलं असतं," असे म्हणाला. मग तिला म्हणाला, "घाल आई. मामाने एवढी मेहनत केलीय." तिने तोंड उघडले नाही. त्याने गुडघा तिच्या छातीवर ठेवला, नाक दाबले आणि कवळी आत कोंबली. ती त्याला चावली. त्याने तिच्या कानाखाली दोनदा मारले, तिचे डोके खाटेच्या पायावर आपटले. "चावतेस? दातच ठेवत नाही तुला," असे म्हणत ताटलीतल्या चमच्याचा दांडा तिच्या ओठाखाली घालून त्याने कवळी उचकटली. कवळी मोडल्याचा आवाज मला ओळखता येतो. तो आला. रक्त तिच्या गळ्यापर्यंत गेले. भाचा माझ्याकडे वळून म्हणाला, "बघा मामा, परत पडली."

मी माझी काठी त्याच्या डोक्यात घातली. तो खाली बसला. मी पुन्हा घातली. त्याला सात टाके पडले आणि त्याने माझ्याविरुद्ध तक्रार दिली, ती खरी आहे. शिवणकामवाल्या बाईंनी गाडी बोलावून आक्काला दवाखान्यात नेले.

तिथे आक्काने "मी पडले" असे सांगितल्याचे मला कळले. आज संध्याकाळी पाच वाजता तिला सोडणार आहेत आणि न्यायला मुलगाच येणार आहे. तिला त्याच्या ताब्यात देऊ नये. त्यासाठी मी आलो आहे. सकाळी मी तिला भेटलो. ती म्हणाली, "धाकट्या, जोडून दे रे. तो चिडेल."

मोडलेली कवळी व चमचा मी सोबत आणला आहे. कवळी धुतलेली नाही. ती जोडणार नाही. तिला नवी करून देईन, माप माझ्याकडे आहे. आणखी एक. तुकडे जोडण्याआधी आतून प्लास्टर ओतून साचा काढावा लागतो. कवळीवरच्या रेघा त्या साच्यावर उंचवट्यासारख्या उमटतात. साचे फेकायची मला सवय नाही. पेन्सिलने तारीख घातलेले तिन्ही साचे बिस्किटांच्या डब्यात आणले आहेत. चमच्याचा दांडा रेघांना लावून पाहावा. मी पाहिला आहे.

हा जबाब हवालदारसाहेबांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितल्याप्रमाणेच लिहिला आहे. ऐकताना, मी रेघा कानशीने घासल्या हे वाक्य दोन्ही ठिकाणचे खोडावे, असे मी म्हणालो. नंतर खोडू नये असे सांगितले. ते तसेच राहू द्यावे. ते बरोबर आहे.