एकोणीस नाबाद

— नाही, आत नका जाऊ अजून. इथे बसा, भाऊजी, माझ्यासमोर. तो स्टूल नको, त्याचा पाय निखळलाय, खुर्ची ओढा. आणि बोलायचं हळू — ही भिंत म्हणजे पुठ्ठा आहे नुसता, इकडे शिंकलं की तिकडे ऐकू जातं. जागे आहेत ना हे! पहाटेपासून जागेच आहेत. दाढी केली, निळा शर्ट इस्त्री करून मागितला. मी एवढंच म्हटलं होतं, चष्मेवाले भाऊजी येतील कदाचित — कदाचित म्हटलं हं — तर लगेच शर्ट! माझ्यासाठी गेले कितीतरी दिवस केसांवरून कंगवासुद्धा फिरवलेला नाही. असू दे. चहा घ्या. साखर किती ते विचारलं नाही, आज डोकं जाग्यावर नाहीये माझं. स्वयंपाकघरात बसवलं म्हणून राग नाही ना आला? त्यांना तुम्हाला भेटायचंय हे खोटं नाही, पण बोलावलं मी. माझ्या गरजेला बोलावलं.

ऑपरेशनचं कळलंय ना तुम्हाला? पोटाचं काहीतरी, एवढंच? हे त्यांनीच सांगितलं असणार. पोटाचं काहीतरी! जसं काही शिळं खाल्लं होतं. कॅन्सर आहे, भाऊजी. आतड्याच्या अगदी शेवटाला गाठ आहे. सर्जन म्हणतात, निघेल. पसरलेली नाही अजून, आत्ता काढली तर माणूस वर्षानुवर्षं जगतो — त्यांचा एक पेशंट पोस्टमन होता, तो परत सायकल मारतोय म्हणे. आणि नाही काढली तर जे व्हायचं ते होईल, आणि ते सुखासुखी होणार नाही, हेही सांगितलं त्यांनी, मला एकटीला बाहेर बोलावून. आता तुम्ही म्हणाल, मग घोडं अडलंय कुठं? उद्या सकाळी हो की नाही ते कळवायचंय, खाट राखून ठेवलीय, आणि हे म्हणतात, नको. चिडत नाहीत, वाद घालत नाहीत, नुसतं नको. ह्यांचं नको म्हणणं तुम्हाला तर चांगलं ठाऊक आहे — ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडायचे ना, बॅट वर, नजर चेंडूवर, आणि चेंडू आपला मुकाट कीपरकडे. लोक त्यालासुद्धा टाळ्या वाजवायचे. ह्याच खुर्चीत बसून तुम्ही मला म्हणाला होतात, वहिनी, हा माणूस चेंडू सोडतोसुद्धा किती देखणा! घ्या. आता सगळंच सोडायला निघालेत, देखणेपणाने.

मला क्रिकेटमधलं काय कळतंय, असं वाटतं ना तुम्हाला? वाटू दे. इतकी वर्षं तुम्ही रविवार रविवार येऊन त्यांच्याच इनिंग त्यांनाच सांगत आलात, मी इथे भांडी विसळत ऐकत होते, कान काय मिटून ठेवले होते? त्या एक्केचाळीस धावा तर मला तोंडपाठ आहेत. चेंडू कीपरच्या ग्लोव्हजमध्ये शिरलाच होता जवळजवळ, स्लिपवाल्यानं हातसुद्धा वर केले, आणि ह्यांनी मनगट नुसतं ठेवलं — मारलं नाही, ठेवलं — आणि चेंडू गेला. बॅटचा आवाजच आला नाही, असं सांगता तुम्ही, आणि सांगताना तुमचाही आवाज खाली येतो. दर वेळी येतो. मी हसायचे आधी. पण खरं सांगू? मीही त्यालाच भुलले. क्लबच्या ऑफिसात टेलिफोनवर होते मी तेव्हा, हे माहीत आहे तुम्हाला. पण त्या खोलीच्या खिडकीतून मैदान दिसायचंच नाही, थर्डमॅनचा कोपरा तेवढा दिसायचा, कुंपण आणि जरासं गवत. तर काय व्हायचं, की मधेच एक चेंडू यायचा त्या गवतावरून. हळू. पोचतोय की नाही कुंपणापर्यंत, असं वाटावं इतका हळू — आणि पोचायचा. फिल्डर मागून यायचा धापा टाकत. कुणी मारला ते दिसायचं नाही, पण मला कळायचं. दुसऱ्यांचे चेंडू आदळायचे हो कुंपणावर, ह्यांचा टेकायचा. त्या चेंडूच्या चालीवरून मी नवरा पसंत केला, आहे की नाही अजब! आईला हे सांगितलं असतं तर तिनं मला खोलीत कोंडलं असतं.

तेव्हा मला देखणेपणाचं वावडं आहे असं समजू नका. पण त्याच्याबरोबर राहायचं म्हणजे काय ते तुम्हाला नाही कळायचं. तुमचा संसार त्या एक्केचाळीसबरोबर. एक्केचाळीस, छत्तीस, अठ्ठावन्न, पुन्हा छत्तीस — आणि मग आउट, तेही असे की लोक उभे राहून टाळ्या वाजवणार. संघातून काढलं तेव्हा तुम्ही निवड समितीला शिव्या घातल्यात, ह्यांनी घातल्या नाहीत. बॅट उचलून कपाटात ठेवली. नोकरीत वरच्या साहेबानं अपमान केला, राजीनामा ठेवला, कारण दोन शब्द मागे-पुढे करणं बरं दिसत नाही. लेकीशी बिनसलं, फोन करायला कमीपणा वाटत नाही म्हणतात, पण काय बोलायचं ते नीट सुचेपर्यंत करायचा नाही — सुचलंच नाही अजून, आणि ती पोर तिकडे वाट बघतेय. धडपडायचं नाही. धडपडताना कुणाला दिसायचं नाही. हा ह्यांचा धर्म, आणि तुम्ही त्यातले पहिले भक्त. चहा निवतोय.

आता एक विचारते, खरं सांगायचं. एकोणीस नाबाद आठवतंय?

नाही आठवत? भाऊजी, तुम्हाला त्यांच्या तेराव्या वर्षीच्या शाळेतल्या धावा आठवतात. मी आठवण करून देते. शेवटचा दिवस, खेळपट्टी उखडलेली, आणि समोर तो उंच आडदांड बोलर, ज्याचं नाव काढलं की आजही ह्यांचा हात कोपराकडे जातो. अख्खा दिवस खेळले. अख्खा दिवसभरात एकोणीस. एकही फटका बॅटच्या मधोमध लागला नाही. चेंडू बरगडीत, चेंडू बोटांवर, चेंडू ढुंगणावर — हो, तिथेही, हसू नका, लोक हसलेच होते. दोनदा बॅट हातातून सुटली. एकदा चुकवायला गेले ते चारी पाय टेकून पडले खेळपट्टीवर. रेशीम म्हणायचे ना त्यांना तुम्ही सगळे? कुणीतरी ओरडलं, रेशीम फाटलं! आणि मॅच वाचवली. अख्ख्या कारकिर्दीत एकट्यानं वाचवलेली ती एकच मॅच. पेपरात तीन ओळी आल्या. तुमच्या तोंडून तर एक अक्षर नाही, आज इतकी वर्षं झाली, एक अक्षर नाही.

घरी आले तेव्हा शर्ट काढता येत नव्हता. अंग काळंनिळं. मी बर्फ लावत होते, रडत होते, आणि आनंदानं वेडीही झाले होते — काय ते माणसाचं होतं ना, तसं. म्हटलं, वाचवलीत तुम्ही! तर ते काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, तो जेवणानंतर परत आला नाही. मी म्हटलं, कोण? साइटस्क्रीनशेजारचा, म्हणाले. तो चष्मेवाला. तेव्हा तर तुमची धड ओळखही नव्हती! तुम्ही नेहमी एकाच जागी बसता, एवढंच ठाऊक होतं त्यांना. चेंडू बरगड्यांत बसत होते आणि हा माणूस बघत होता की तुमची खुर्ची रिकामी आहे.

दुकान उघडायचं होतं? असेल ना. सगळ्या गावाचे चष्मे नेमके त्याच दुपारी फुटले असतील. नाही, नाही, मी राग काढत नाहीये — काढतेय, पण त्यासाठी नाही बोलावलं. बघवलं नाही तुम्हाला. कळतं मला. पण ह्यांनाही ते कळलं, हे तुम्हाला कळायला हवं. तुम्हीच सांगायचात ना, की ह्यांना घाई कधी नसायची कारण चेंडू आधी दिसायचा, बोलरच्या हातातून सुटायच्याही आधी दिसायचा? मग ज्याला चेंडू आधी दिसतो त्याला चेहरा नाही दिसणार?

तर काम असं आहे. तुम्ही आत जायचं. ऑपरेशनचा विषय काढायचा नाही. एकोणीसचं बोलायचं. म्हणायचं, मी तेव्हा उठून गेलो, गाढव होतो, ती तुमची सगळ्यात मोठी इनिंग. म्हणायचं, तसं खेळलात तरी मला तुम्ही तेवढेच — बस्स, पुढचं त्यांचं ते समजतील. तुमचं ऐकतील. खोटं कसं बोलू? बोला की! जन्मभर खरं बोलून काय दिवे लावलेत आपण? आणि खोटं तरी कशावरून? आज विचार करा, तुम्हाला काय हवंय, एक्केचाळीस धावा काढून गेलेला माणूस, की चार पायांवर पडलेला पण आत त्या खोलीत असलेला माणूस? मला विचाराल तर मला तो रांगत असलेलाही चालेल. मला तो कसाही चालेल, मला फक्त तो हवाय, भाऊजी, दुसरं काही नको.

मी सांगून नाही बघितलं होय? घसा कोरडा पडला. माझं ऐकायचे नाहीत ते आता. का म्हणजे? नवरे बायकोचं ऐकतात का कधी — नाही, तसं नाही. ऐकतात माझं, एरवी ऐकतात. त्या दिवशी हॉस्पिटलात नर्सनं आम्हाला एका पेशंटकडे नेलं. ऑपरेशननंतर कसं असतं ते बघा, म्हणजे धास्ती जाईल म्हणाली. भला माणूस होता बिचारा, शर्ट वर करून दाखवलं, हसला आमच्याकडे बघून. आणि मी चष्मा वर सारला नाकावरचा. घाम आला की घसरतो हो, तुम्हीच दिलेली फ्रेम, तुम्हाला ठाऊक आहे. एवढंच. चष्मा वर सारला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या माणसाला म्हणाले, आभारी आहे. रात्री म्हणाले, नको.

चष्माच सारला मी.

बरं. नव्हता घसरला. नाक झाकलं मी. एका क्षणाचं काम हो, हात आपोआप गेला, मला कळायच्या आत गेला, आणि ह्यांना मात्र माझ्या आधी दिसला. लेकीचे लंगोट धुतलेत मी, सासूबाईंचं अंथरुणातलं सगळं सगळं केलंय मी, नाक कधी मुरडलं नाही. आणि नेमका तेव्हा — कुणाला सांगितलं नव्हतं हे. तुम्हालाही सांगायचं नव्हतं. जाऊ दे, बोलून गेले. म्हणून तुम्ही हवे आहात. माझा चेहरा आता चालत नाही, त्यांना तुमचा दाखवायचाय.

पण आधी तयारी. कारण ते तुमची परीक्षा घेणार. माझा भाऊ आला होता, त्याला बिस्किटं पुढे करत करत सगळं साद्यंत सांगितलं आणि बघत बसले त्याच्या तोंडाकडे. त्यानं बिस्किट खाली ठेवलं. झालं, मग पाऊसपाण्याच्या गप्पा. तर आता मी सांगते तसंच, तुम्ही नुसतं ऐका. माझ्याकडे बघा. खाली नाही, माझ्याकडे. शौचाची ती जागा कायमची शिवून टाकणार. आणि पोटाला इथे, डाव्या बाजूला, भोक पाडणार, आणि आतड्याचं तोंड बाहेर काढून तिथे शिवणार. लाल असतं. ओलं असतं. आपल्याला वाटलं म्हणून थांबवता येत नाही, जे यायचं ते येत राहतं, म्हणून वर पिशवी चिकटवायची. ती मी रिकामी करणार. वास येतो. कधी निसटते, चादर खराब होते, पाहुण्यांसमोरही होईल, तुम्ही रविवारी बसलेले असाल तेव्हाही होईल, तुमच्या एक्केचाळीसच्या मधोमध होईल, आणि तुम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचं आणि बोलत राहायचं, की चेंडू जवळजवळ कीपरच्या ग्लोव्हजमध्ये —

हं.

नाही, नाही, काही केलं नाहीत तुम्ही. ओठ जरासे — काही नाही हो, तुमच्या हातात नाही ते. माझ्या कुठे होतं? पुन्हा? पुन्हा करून काय होणार, भाऊजी, दहाव्यांदा जमेल कदाचित, पण आत संधी एकदाच मिळणार. त्यांना एवढंसं दिसलं की पुरे. आणि तुमचं दिसलं तर मग मी दुसऱ्या कुणाला आणू? कुणी नाही माझ्याकडे दुसरं. नका रडू. आवाज जाईल तिकडे. उठा. मी बघते काहीतरी, रात्र आहे अजून हातात, लेकीला फोन लावते, पाय धरते त्यांचे, बघते. तुम्ही मागच्या दारानं जा. कडी वर आहे, हळू काढा.

— कुणी नाही हो! मीटर बघायला आलेत! ... काय? ... भाऊजी होय? नाही जमत म्हणाले आज, फोन आला होता मघाशी. ... हो, हो, आलेच मी —

जा ना तुम्ही. उभे काय राहिलात.