नाव टाकलेली भांडी

न्हाई न्हाई, ती बाज भंगारात न्हाई द्यायची भाऊ — तिच्यावर माणूस हाये. व्हय, माणूस. गोधडी तोंडावर हाये म्हून तुमाला गठुडं वाटलं. आमचे मालक हायेत ते. घाबरू नका, जित्ते हायेत — लकवा मारलाय, तीन वर्सं झाली. उजवं आंग सगळं गेलं, डावा हात तेवढा चालतो, आन् बोलता येत न्हाई, नुसतं आऽ आऽ करतात. ऐकू येतं पण. सगळं ऐकू येतं. बाज मीच वढत आणली इथवर, ह्या लिंबाखाली. दसरा काढायचा म्हणलं की घरातलं सगळं आंगणात आलं पायजे का न्हाई? मंग ते एकटेच आत काहून ऱ्हातील? नाव? म्या कसं घ्यू नाव त्येंचं — ती पितळी बादली फिरवा, पोटावर टाकलेलं हाये, वाचा. व्हय, किसनराव. त्येंच्या बापानं घेतली होती. तीबी न्या. पयली तीच न्या.

तराजू राहू द्या आटोत. पैसे नको मला, वजन बी नको. भरा आन् न्या, बस्स. काहून म्हंजे? फुकट देऊन राहिले तर घेणाऱ्यानं काहून इचारावं? चोरीचं न्हाई हो. माझ्या घरातलं हाये, ह्या डोंगरकडा गावात कोणालाबी इचारा, रुक्माबाईचंच हाये म्हणतील — आन् इचारायची तरी काय गरज, भांड्याभांड्यावर नाव हाये. ती परात उचला, हां, ती. 'चि. सौ. कां. रुक्मा हिस शेषरावमामांकडून.' जवळा बाजार गावचे मामा माझे. तिथल्या दुकानात बसून त्येंनी नाव टाकून घेतलं होतं, त्या मशीनचा करकर आवाज अजून ध्यानात हाये माझ्या. म्या नवी नवरी, मला वाटलं, बघा, आता माझं नाव पुसायचं न्हाई कवा.

खरं सांगू का, मन होत न्हवतं. तीन वर्सं दसरा काढला न्हाई. घटस्थापना यायची, बायका गोधड्या घिऊन नदीला जायच्या, मला हाक मारायच्या, आन् म्या आपली उंबऱ्यात बसून. आत नुसता उकिरडा. ड्रीपच्या तुटक्या नळ्या, कूलरचा सांगाडा, फुटके डबे, हे सगळं भांड्याचं लटांबर. बघायची आन् बसायची. माझी पोरगी हाये, ऐश्वर्या, हिंगोलीला दवाखान्यात नर्स हाये — ती पाठवती मोबाईलवर, घर कसं आवरायचं त्याचे व्हिडिओ. त्यात एक बाई हाये, लई गोड बोलती. म्हणती, सगळं एकदम काढू नका, एकेक वस्तू हातात धरा, आन् मनाला इचारा — हिच्यानं सुख हाये का? न्हाई, तर काढून टाका. मला हसू आलं. म्हणलं, बाई, तुला ठाव न्हाई तू कोणाला सांगून राहिली.

मंग धरली ना. हीच परात धरली पयली. ही कड दबलेली दिसती का? लग्नाला तिसरा महिना. भाकर करपली न्हवती, कालवण खारट न्हवतं — शेजारणीसंगं हसले म्हून. दारात उभी ऱ्हाऊन हसले एवढंच. त्येंनी पिठासकट फेकली, हितं लागली बघा, भुवईवर. पीठ आन् रगत मिळून कणकीचा गोळा झाला नुसता. तो तांब्या आत्यानं दिलेला, त्यानं हे दोन दात गेले. ती फुकणी चुलीतून काढून गरम गरम पाठीवर. ड्रीपची नळी दिसती ना, ती लई वाईट, तिचा आवाज होत न्हाई आन् वळ आठ दिस जात न्हाई. हंडा माझ्या भावाचा. त्या हंड्याचं — ऐश्वर्याच्या आधी एक होतं भाऊ माझ्या पोटात. सहावा महिना होता. हंडा भरून आणला, उशीर झाला, बस्स. तो भरलेला हंडा उचलून — ठिवा तो आटोत, हातात धरून उभे ऱ्हाऊ नका. ठिवा म्हणते ना.

लोकांला वाटतं, नवरा एकटा मारतो. न्हाई हो. माझा नवरा माझं सगळं माहेर हातात घिऊन मारायचा. मामानं मारलं मला, आत्यानं मारलं, सख्ख्या भावानं मारलं — नावं वाचा ना, सगळे हायेत. मायनं दिलेला येक पेला होता, तो तेवढा मला कवा लागला न्हाई. फेकला दोन-तीनदा, पण नेम चुकला. आन् गाव काय म्हणायचं? संसार हाये, भांड्याला भांडं लागायचंच. सरपंच म्हणायचा, माझा बाप म्हणायचा. लागतंय ना भांड्याला भांडं? मंग माझ्या डोक्याला काहून लागायचं?

ऐकून राहिले का तिकडं, बाजेवर? ऐका. आज पयल्यांदा बोलून राहिले, ते बी तुमच्या म्होरं. डोळे मिटू नका.

कोणता? तो स्टीलचा जग? त्याला पोचे बी त्येंनीच पाडले. सगळं त्येंचंच हाये ते, एका माणसाचं तीस वर्साचं काम. भरा. — काय बघून राहिले? काय लिव्हलंय? वाचा की मोठ्यानं. 'सौ. रुक्माबाई, महिला बचत गट, संक्रांत २०२५.'

...

तुमी भंगारवाले हायेत का पोलीस हायेत? तारखा काहून वाचायच्या? तीन वर्सं झाली लकव्याला म्हणलं म्या, बराबर. आवंदाच्या संक्रांतीचा हाये जग, बराबर. पडला आसंल. वट्यावरून पडला आसंल. तुमाला काय करायचं — न्यायचं तर न्या, न्हाई तर तुमचा आटो तुमच्या दारात —

थांबा. जाऊ नका. ते सामान भरलं पायजे आज. परवा ऐश्वर्या येऊन राहिली.

व्हय. म्या मारलं. त्या जगानं. हळदीकुंकवाला गटातल्या बायकांनी वाण म्हून दिला, आन् वर नाव टाकून दिलं प्रत्येकीचं. नुसतं माझं, कोणाकडून न्हाई, कोणाची कोण न्हाई. जन्मात पयलं भांडं तसं. इतकी खूश झाले, लेकरासारखी घरी पळत आले, पाणी भरलं, आन् येड्यावानी त्येंनाच दाखवाया नेलं. म्हणलं, बघा, माझं नाव बघा. आन् ह्येनं — हा डावा हात दिसतो ना, हा — ह्या हातानं सपकन उडवून लावला. सगळ्या हांतरुणात पाणी. धड तोंडातून शबूद निघत न्हाई, हगणंमुतणं म्या काढते, तरी त्या येका हातात तोच माज! म्या खाली वाकले, जग उचलला, आन् दिला ठिवून. तोंडावर. येकदा न्हाई. मोजलं न्हाई. मोजायचं कशाला, त्यानं कवा मोजलं? आन् तुमाला खरं सांगू भाऊ? बरं वाटलं. लई बरं वाटलं. पाप लागू द्या, पण त्या दिशी म्या दोन भाकरी खाल्ल्या, वर लोणच्याची फोड घेतली, आन् चवीनं खाल्ली.

मंग काय. मंग सवयच लागली. जे हाताला यील ते. पळी म्हणा, पाट म्हणा, चिमटा म्हणा. घरात पसारा इतका, कुठंबी हात घातला की कायतरी घावायचंच. पयले कारण काढायची — पेज थुकली, लुगडं वढलं. मंग कारण लागंना. ते नुसते बघायचे माझ्याकडं, तेवढंबी पुरं व्हायचं. परात पडली त्यावर, हंडा पडला. ज्या भांड्यानं त्यानं जे केलं, त्याच भांड्यानं म्या. हिशोब म्हणा पायजे तर. पण फिटत न्हवता. परात मारली की वाटायचं आता झालं, अन् दुसऱ्या दिशी पुन्हा हात शिवशिवायचा. आठ-नऊ महिने हेच.

नागपंचमीला पोरगी आली. बापाला आंघूळ घालून राहिली, पाठ बघितली. नर्स हाये ती, तिला का कळत न्हाई? म्हणली, बाबा कशानं पडले? म्या म्हणलं, बाजेवरून. तिनं त्येंचं आंग पुसलं, पावडर लावली. मंग माझ्याकडं न बघताच म्हणली, आई, घरात पसारा लई झालाय. हाताला लागन आसं काही ठिवू नको. कोणाच्या हाताला, ते बोलली न्हाई. लहानपणी ती बाजेखाली लपून बघायची, मला मार पडायचा ते. कानात बोटं घालून. ती म्हणली, आता पुन्हा येक खूण दिसली, तर बाबांला हिंगोलीला घिऊन जाते, आन् तुझ्या दारात पाऊल ठिवायची न्हाई. माझी येकच लेक हाये भाऊ. जगायला दुसरं काय हाये माझ्यापाशी?

तरी मन होईना. व्हिडिओ यायचे, बघायची, ठिवून द्यायची. कारण, खरं कारण सांगते — काढून टाकलं तर उद्या मारू कशानं? हे मनात यायचं. हां, हेच यायचं. बघा माझ्याकडं, तोंड फिरवू नका, तुमाला बी चांगली वाटले होते ना म्या मगाशी?

आज सकाळी पळी उचलली. काही झालं न्हवतं, उगीच उचलली. आन् त्येंनी हात वर केला. डावा. आसा — कोपर म्होरं, तोंडावर आडवं, आन् बोटं पसरून कानामागं. भाऊ, ते माझं हाये. तसा हात धरणं माझं हाये. कोपर म्होरं धरलं की नाक वाचतं, आन् बोटं कानामागं ठिवली की कान फुटत न्हाई. मला कोणी शिकवलं न्हाई, मार खाऊ खाऊ म्याच काढलं ते. त्येंला कुठून आलं? तीस वर्सं माझंच बघितलं ना. मारता मारता बघितलं, आन् ध्यानात ठिवलं. पळी वरच ऱ्हायली माझी. मला वाटलं, बाजेवर म्याच पडलेली हाये आन् वर तो उभा हाये. मंग पळी टाकली, आन् जे बाहेर काढायला लागले ते अजून पाणी बी पेले न्हाई. तुमचा भोंगा आयकला आन् म्हणलं, देवानंच धाडला.

न्हाई, ठिवायचं न्हाई काही. येक तांब्या पाण्यापुरता ठिवा म्हणता? येक ठिवला तर येकच पुरतो भाऊ. पोरीला सांगते, पेलास्टिकची ताटं-वाट्या आण, हलकी, फुंकरीनं उडतील आशी. तवर पत्रावळीवर जेवू. वरवंटा न्हाई नेत? दगड हाये म्हून? न्या हो, वाटंत टाकून द्या कुठंबी, पुलावरून टाका, पण माझ्या घरात नको. टाकला? बरं झालं. आता बघा घर. आरपार दिसतंय. येवढं मोठं होतं का माझं घर?

काय वं? काय झालं? — पाणी मागून राहिले. ऊन आलं ना बाजेवर, तहान लागली आसंल. आणते, थांबा. ... राहू द्या भाऊ, तांब्या काढू नका, दोरी सोडू नका आटोची. मातीचा रांजण हाये आत. वंजळीनं पाजते. त्यात काय, लेकरांला पाजत न्हाई का.

घ्या. तोंड उघडा. पाणी हाये — आवं, पाणी हाये हो. हात खाली घ्या. काही न्हाई माझ्या हातात, बघा, दोन्ही हात म्होरं हायेत, पाणीच हाये नुसतं — कोपर काढा तोंडावरलं. म्या न्हाई मारत. न्हाई मारत म्हणते ना, घ्या की हो, सांडून राहिलं — बोटं काढा कानामागची — सांडलं. सगळं सांडलं.

तुमी काय पाहून राहिले? भरलं ना सामान? मंग निघा. जा म्हणते ना, जा.