पाचव्या मजल्यावरची पास्कुआलीना

...आणि वर मलाच म्हणतात, नीबिया कचऱ्यातलं खाते! कचऱ्यातलं? अहो, तुम्हाला सांगते, आमच्या मोंतेविदेओत टाकलेलं वेगळं आणि टांगलेलं वेगळं! नासलेलं, कुजलेलं कचरापेटीच्या आत जातं. पण पाव उरला, भात उरला, तर माणसं पिशवीत घालून, वरून गाठ मारून, पेटीच्या दांड्याला बाहेर अडकवतात. म्हणजे काय? घे बाई, चांगलं आहे, खा! माझ्या इवोनला हे मीच शिकवलं, चार वर्षांची होती तेव्हा... हां, इवोन म्हणजे माझी लेक, एकुलती एक, बँकेत साहेबीण, त्या उंच इमारतीत पाचव्या मजल्यावर राहते. तिचाच तर वाढदिवस होता परवा!

शनिवारी बाजार उठला तशी मी गेले खोक्यांमागे. पालकाच्या जुड्या, बाहेरची दोन पानं काय ती पिवळी, आणि खुशाल फेकून दिलेल्या! अंडी, जराशी तडकलेली. घरी आणलं, तीन पाण्यांतून धुतलं, निवडलं आणि पास्कुआलीना केली अशी... खाली मैद्याची पारी, मध्ये पालक, चीज, त्यात अख्खी अंडी, वर झाकण, कडा बोटांनी मुरडून मुरडून दोन तास! का? तर लेकीनं माझ्या हातचा एक घास खावा. बास, एवढंच!

रविवारी दुपारी गेले घेऊन. दारात इवोन, मागे पाहुणे, आणि तिच्या सासूबाई, मोत्यांची माळबीळ घालून. त्या नाकातून म्हणतात, "अय्या, पालक अगदी ताजा दिसतोय हो! कुठून आणता?" आता गप्प बसावं की नाही माणसानं? पण मलाच मेलीला माझं कौतुक! म्हटलं, "फुकट! बाजार उठला ना, की खोक्यांमागे पडलेला असतो!"

झालं! सासूबाईंनी पुढे केलेला हात मागे घेतला. इवोन हळूच म्हणते, "आई, ठेव तू, मी कापते नंतर. तू निघ, तुझी बस चुकेल." बस? अहो, मी दोन गल्ल्या सोडून राहते!

पण ठेवून घेतली ना? म्हटलं, खाईल, पाहुणे गेले की खाईल.

काल सकाळी त्या इमारतीखालून जाते, तर पेटीपाशी म्हातारा एल्बिओ, आमच्यातलाच, पिशवी सोडतोय आणि ओरडतोय, "अगं शेजारीणबाई, धाव! लॉटरी! अख्खी पास्कुआलीना, सुरीसुद्धा लागलेली नाही!" बघते तर... कडा माझ्या बोटांची. मी तिथेच फुटपाथवर फतकल मारली. रडू आलं हो, खोटं कशाला बोलू? मग म्हटलं, बघ नीबिया, आत नाही फेकली पोरीनं! बाहेर अडकवली, गाठ मारून! टाकलेलं वेगळं आणि टांगलेलं वेगळं... नाही का? वेगळंच ना? सांगा की!

एल्बिओनं तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला, एक स्वतःच्या तोंडात टाकला आणि डोळेच मिटले. "अहाहा! काय हात आहे करणारीचा! आणि टाकणारी कोण सटवी असेल गं?"

"सटवी म्हणायचं काम नाही!" मी अशी खेकसले की त्याच्या हातातलं अंडं खाली पडलं. "तिला... तिला भूक नसेल. घरात पाहुणे होते."

"तुला गं काय ठाऊक?"

मी कशाला सांगतेय! मुकाट्यानं तुकडा खाल्ला. छान झाली होती हो. खरंच छान झाली होती.

बाहीला तोंड पुसत एल्बिओ वर बघतो, "कितवा मजला असेल? कळलं तर दर सोमवारी इथेच थांबत जाऊ."

म्हटलं, "पाचवा. पण थांबून उपयोग नाही रे. तिचा वाढदिवस वर्षातून एकदाच येतो."