काकूचा तांब्या

तुम्ही नळाच्या पाण्याला नावं ठेवताय, म्हणून आमची काकू आठवली. स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या पाण्यासाठी धरण झालं, त्यात तिचं माहेर बुडालं. त्या पाण्याची पाइपलाइन आमच्या ठाण्याजवळच्या बाळकुम गावावरून थेट मुंबईला जायची, आम्ही मात्र विहिरीचंच प्यायचो.

एकदा गिरगावात लग्नाला गेलेलो. काकू मांडवात न जाता आधी मोरीतल्या नळाखाली ओंजळ धरून बसली. पोटभर प्यायली आणि निघताना पितळी तांब्याही भरून घेतला.

काका वैतागले. “अगं, घरी विहीर आहे ना? हा तांब्या ठाण्यापर्यंत कशाला वाहतेस?”

काकूने तांब्यावर पदर धरला. म्हणाली, “माहेराहून रिकाम्या हाताने कशी येऊ?”